दारिद्र्य, हंगामी स्थलांतर आणि सार्वजनिक आरोग्य : खानदेशाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

दारिद्र्य आणि अनारोग्य यांचे नाते परस्परपोषक आहे. दरिद्री माणूस लवकर आजारी पडतो आणि आजारी पडलेला माणूस अधिक दरिद्री होतो. हे चक्र विकसनशील जगात सर्वत्र आढळते. ते कोठे तोडावे याचा विचार करताना चर्चा बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते : दवाखान्यांची संख्या, डॉक्टरांची रिक्त पदे आणि अपुरा निधी. या तिन्ही गोष्टींचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु खानदेशासारख्या प्रदेशात त्या पूर्ण झाल्या तरी प्रश्नाचा एक मोठा भाग तसाच शिल्लक राहतो. कारण येथील गरीब कुटुंबांचा एक लक्षणीय वर्ग वर्षातील पाच ते सहा महिने आपल्या गावात नसतो. आरोग्यव्यवस्था मात्र गावातच असते.

दसरा-दिवाळीनंतर चाळीसगाव तालुक्यातील तांडे आणि भिल्ल वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. सातमाळ्याच्या पायथ्याची ही कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाच्या साखर पट्ट्यात जातात व कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या आदिवासी भागातूनही असेच स्थलांतर दक्षिण गुजरातकडे होते. या फिरत्या दारिद्र्याची आणि स्थिर आरोग्यव्यवस्थेची सांगड का बसत नाही व ती कशी बसविता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दारिद्र्याची बदललेली संकल्पना :

दीर्घकाळ दारिद्र्य म्हणजे उत्पन्नाचा किंवा उपभोगखर्चाचा अभाव असे मानले गेले. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये महाराष्ट्रातील १७.३५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. अमर्त्य सेन यांच्या क्षमतादृष्टीमुळे या संकल्पनेचा विस्तार झाला. माणसाच्या हाती किती पैसा आहे यापेक्षा तो निरोगी राहू शकतो काय, शिकू शकतो काय आणि सन्मानाने जगू शकतो काय, हे प्रश्न मध्यवर्ती ठरले. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक याच विचारावर आधारलेला आहे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन आयामांतील बारा निर्देशक त्यात विचारात घेतले जातात.

या निर्देशांकाने महाराष्ट्राचे एक विसंगत चित्र समोर आणले. २०१५-१६ च्या सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे १५ टक्के लोकसंख्या बहुआयामी दरिद्री होती. त्याच वेळी नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्याचे प्रमाण ७.८१ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही सुधारणा निश्चितच समाधानकारक आहे. तथापि, राज्याची सरासरी ही मुंबई-पुण्याच्या समृद्धीत सातपुड्याचे दारिद्र्य विरघळवून टाकणारी संख्या आहे, हे विसरून चालणार नाही.

उत्पन्न कमी असूनही आरोग्य चांगले राखता येते, हा अनुभवही जगाने घेतला आहे. १९८५ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पुढाकाराने झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात चीन, श्रीलंका, कोस्टारिका आणि आपले केरळ राज्य यांची उदाहरणे मांडली गेली. स्त्रीशिक्षण, सर्वांपर्यंत पोहोचणारी प्राथमिक आरोग्यसेवा, अन्नाची हमी आणि राजकीय इच्छाशक्ती हे या यशामागील समान घटक होते. दारिद्र्य हे अनारोग्याचे कारण असले तरी ते अटळ कारण नाही, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

खानदेशाची पार्श्वभूमी :

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४२.३ लाख, धुळ्याची २०.५ लाख आणि नंदुरबारची १६.५ लाख होती. अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के, धुळ्यात ३२ टक्के आणि जळगावमध्ये १४ टक्के होते.

तापीकाठची काळी जमीन, केळी आणि कापूस ही खानदेशाची परिचित ओळख आहे. या समृद्ध पट्ट्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आहे. दोन्ही बाजूंच्या पायथ्याशी जमीन हलकी, शेती कोरडवाहू आणि धारणा तुटपुंजी आहे. खरीप आटोपला की हाताला काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेने या परिस्थितीवर काही काळ फुंकर घातली. परंतु रोजगार हमीची मजुरी रोज किंवा आठवड्याने मिळते, तर मुकादमाची उचल एकरकमी मिळते. घरातील लग्न, आजारपण, जुने देणे यांसाठी एकरकमी पैसा लागतो. म्हणून स्थलांतराचे मूळ केवळ बेरोजगारीत नाही. ते कर्जाच्या गरजेतही आहे आणि त्या कर्जाचे एक मोठे कारण औषधोपचार हेच असते.

या स्थलांतराला इतिहास आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हा तेथील ऊसतोड कामगारांत खानदेशातून आलेल्या मजुरांचा मोठा भरणा त्यांना आढळला. उचल, मुकादम आणि कोयता या त्रिसूत्रीवर उभी असलेली ही व्यवस्था त्यांनी तपशीलवार नोंदविली. पती-पत्नीच्या जोडीला एक ‘कोयता’ मानण्याची रीत आजही टिकून आहे. म्हणजेच मजुरीच्या हिशेबात स्त्री स्वतंत्र कामगार नसून अर्धा कोयता असते.

पत्त्याला बांधलेली व्यवस्था :

भारताची ग्रामीण आरोग्यव्यवस्था १९४६ च्या भोर समितीच्या आराखड्यावर उभी आहे. आज मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. डोंगराळ व आदिवासी भागात तो अनुक्रमे ३,००० आणि २०,००० आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती दिली. अंगणवाडीची रचनाही वस्तीनिहाय आहे. या सर्व रचनेचे गृहीतक एकच आहे : विशिष्ट लोक विशिष्ट ठिकाणी कायम राहतात.

हे गृहीतक मोडले की काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. गरोदर स्त्रीची नोंद तिच्या गावच्या उपकेंद्रात असते. तिचा पोषण आहार गावच्या अंगणवाडीत असतो. ती फडावर गेली की गावच्या नोंदवहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि जेथे ती पोहोचते तेथील नोंदवहीत तिचे नाव नसते. तेथील आशा कार्यकर्तीच्या हजार लोकसंख्येत ती मोजलेली नाही. तेथील लसीच्या मागणीत तिचे मूल धरलेले नाही. कोणीही जाणूनबुजून तिला नाकारलेले नसते. तरीही ती दोन नोंदवह्यांच्या मधल्या जागेत हरवते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा नकार अधिक गंभीर आहे, कारण त्यासाठी कोणालाही जबाबदार धरता येत नाही.

योजनांच्या भौगोलिक सीमाही अशीच अडचण निर्माण करतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. त्यात मातेला दिवसाचे एक चौरस जेवण देण्याची तरतूद करण्यात आली. योजना स्तुत्य आहे. परंतु तिचा आधार क्षेत्राचा आहे. जळगाव जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र चोपडा, यावल व रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आहे. सातमाळ्याच्या पायथ्याचे चाळीसगाव त्यात मोडत नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो, त्यामुळे तांड्यावरील माता आदिवासी योजनांच्या कक्षेत येत नाही. भूक सारखीच असली तरी नकाशावरील रेषेने तिची व्यवस्था बदलते.

हंगाम आणि बालकाचे पहिले हजार दिवस :

गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचा सुमारे हजार दिवसांचा, म्हणजे तेहेतीस महिन्यांचा काळ मेंदूच्या व शरीराच्या वाढीसाठी निर्णायक असतो. या काळात झालेली हानी पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. ऊसतोडीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा पाच महिन्यांचाच धरला, तरी साधे गणित बोलके आहे. तेहेतीस महिन्यांत दोन पूर्ण वर्षे येतात, म्हणजे दहा महिने फडावर जातात. उरलेल्या नऊ महिन्यांत हंगामाचे किमान दोन आणि कमाल पाच महिने येतात. याचा अर्थ असा की, दरवर्षी कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबातील मूल आपल्या पहिल्या तेहेतीस महिन्यांपैकी बारा ते पंधरा महिने, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक काळ, उसाच्या पाचटाच्या कोपीत काढते. गर्भधारणा कोणत्याही महिन्यात झाली तरी यातून सुटका नाही.

लसीकरणाच्या वेळापत्रकाशी हा हंगाम ताडून पाहिला तर अडचण अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार जन्मतः दिल्या जाणाऱ्या लसींनंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पुढील मात्रा द्यावयाच्या असतात. नोव्हेंबरच्या प्रारंभी जन्मलेल्या बालकाच्या या तिन्ही तारखा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत येतात, म्हणजे संपूर्णपणे हंगामात. २०११ पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या गृहाधारित नवजात शिशु सेवेत आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यावयाची असते. ज्या बालकाचे घरच फडावर आहे, त्याच्या वाट्याला यांपैकी एकही भेट येण्याची शक्यता कमी असते.

राज्याच्या आकडेवारीकडे पाहिले तर प्रगती निर्विवाद आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा बालमृत्यूदर हजारी १६ होता, तर देशाचा २८. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ३३ पर्यंत उतरले होते. परंतु पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी आणि ३६.१ टक्के बालके कमी वजनाची आढळली. १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. राज्य मृत्यू टाळण्यात यशस्वी झाले आहे. वाढ घडवून आणण्यात मात्र ते मागे आहे. मृत्यू टाळण्यासाठी निर्णायक क्षणी रुग्णालय लागते. वाढीसाठी रोजच्या रोज, अखंडित आधार लागतो, आणि स्थलांतर नेमकी ही अखंडितताच तोडते.

ऊसतोड स्त्रीचे आरोग्य :

कोयत्यावरील स्त्रीचा दिवस पहाटे सुरू होतो. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे आणि त्यानंतर स्वयंपाक, पाणी, मुले असा हा दिनक्रम असतो. फडावर शौचालय नसते व स्वच्छ पाण्याची खात्री नसते. मासिक पाळीच्या दिवसांतही काम थांबविता येत नाही, कारण एक दिवस गेला की ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात जमा होतो. मूत्रमार्गाचा व जननमार्गाचा संसर्ग, कंबरदुखी, रक्तक्षय या तक्रारी अशा परिस्थितीतून उद्भवतात.

याचे टोकाचे रूप २०१९ मध्ये बीड जिल्ह्याच्या संदर्भात उघड झाले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसले तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या घटनेचा अर्थ केवळ काही डॉक्टरांच्या लोभात शोधणे अपुरे ठरेल. साध्या संसर्गावरील उपचारासाठी तीन-चार वेळा दवाखान्यात जावे लागते. फडावर राहणाऱ्या स्त्रीला ते शक्य नसते. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी ‘एकदाचे काढून टाकू’ असा निर्णय तिला व्यवहार्य वाटू लागतो. त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी पुढचा हंगाम बांधला जातो. प्राथमिक आरोग्यसेवेच्या अभावाची किंमत स्त्रीने आपल्या शरीराने चुकविण्याचा हा प्रकार आहे. बीडमध्ये तो मोजला गेला म्हणून दिसला. जेथे जेथे उचल, खाडा आणि कोयता यांची हीच व्यवस्था आहे, तेथे ती मोजणी होणे आवश्यक आहे.

सातपुड्याचा प्रश्न : अंतर आणि आनुवंशिक आजार

खानदेशाच्या उत्तर भागात स्थलांतराच्या जोडीला अंतराचा प्रश्न आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक पाड्यांपर्यंत आजही बारमाही रस्ता नाही. रुग्णाला बांबूच्या झोळीतून खांद्यावर आणावे लागते. वृत्तपत्रांनी या झोळीला ‘बांबूलन्स’ असे उपरोधिक नाव दिले आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालविण्यात आला. सेवा लोकांकडे जाऊ शकते, याचे ते एक चांगले उदाहरण होय.

भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार लक्षणीय प्रमाणात आढळतो. या विकारात तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना, रक्तक्षय व संसर्ग यांना कारण ठरतात. अतिश्रम, निर्जलीकरण आणि थंडी यांमुळे वेदनेचे झटके वाढतात. हिवाळ्यात उघड्या फडावर दिवसभर राबणाऱ्या मजुराच्या वाट्याला या तिन्ही गोष्टी एकदम येतात. महाराष्ट्राने २००८-०९ च्या सुमारास सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. रक्ततपासणीची मोहीम आवश्यक आहेच; परंतु तपासणीनंतर रुग्णाला मिळालेले कार्ड परगावच्या दवाखान्यात उपयोगी पडते काय, यावर त्या मोहिमेचे यश अवलंबून आहे.

कॅरिबियनमधील दोन दाखले :

ऊस, स्थलांतर आणि आरोग्य यांचा हा गुंता खानदेशापुरता नाही. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला या एकाच बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. विसाव्या शतकात हैतीतील लाखो गरीब मजूर ऊसतोडीसाठी डॉमिनिकन प्रजासत्ताकात गेले आणि ‘बाते’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मळ्यांवरील वस्त्यांत राहिले. तेथेच त्यांच्या पुढच्या पिढ्या जन्मल्या. २०१३ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने १९२९ नंतर अनियमित स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेल्यांचे नागरिकत्व अमान्य केले. कागद नाही म्हणून शाळा, नोकरी व आरोग्यविमा नाही, अशी हजारोंची अवस्था झाली. पुढील वर्षी कायदा करून त्यात अंशतः सुधारणा करावी लागली.

जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैतीत पटकीची साथ पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतील सांडपाण्यातून जंतू नदीत मिसळले होते. या साथीत आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार मृत्युमुखी पडले. साथ शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातही पोहोचली. तेथे मृत्यूंची संख्या फारच कमी राहिली. बेट एक आणि जंतू एक असताना परिणाम भिन्न झाले, कारण शुद्ध पाणी, मलनिःसारण आणि दवाखाने यांची उपलब्धता भिन्न होती.

दुसरा दाखला जमैकाचा आहे आणि तो आशादायक आहे. किंग्स्टन येथे १९७३ पासून पुढील आठ वर्षांत एक लाख नवजात बालकांची सिकलसेलसाठी तपासणी करण्यात आली. या विकारात लहान मुलांची प्लीहा अचानक सुजून काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांना एक साधे कौशल्य शिकविले : बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा वाढली आहे काय हे ओळखणे आणि तसे वाटताच रुग्णालय गाठणे. या प्रकारच्या झटक्यांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे एक दशांशावर आले. यंत्र आणि औषध यांपेक्षा मातेच्या बोटांतील ज्ञान येथे अधिक प्रभावी ठरले.

हाच अनुभव महाराष्ट्रातही आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकाची काळजी व संसर्गावरील उपचार शिकविले. तीन वर्षांत नवजात मृत्यूदर तुलनात्मक गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी पुढे राष्ट्रीय धोरणाला दिशा दिली. इमारत स्थलांतर करीत नाही. शिकलेली स्त्री मात्र आपल्याबरोबर ज्ञान घेऊन जाते.

आजवरचे उपाय आणि त्यांच्या मर्यादा :

शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली व २०२३ मध्ये पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी आहे. फडावरील ताप, जुलाब, जखम, गरोदरपणातील तपासणी यांचा खर्च तिच्या बाहेर राहतो आणि गरिबाच्या खिशाला रोजची गळती लागते ती याच खर्चामुळे.

कायद्याची स्थितीही विचारात घेण्यासारखी आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुरांसाठी होता. चाळीसगावहून बारडोलीला जाणारा मजूर त्याच्या कक्षेत येई; चाळीसगावहून सांगलीला जाणारा येत नसे. प्रत्यक्षात कष्ट, कोपी आणि उचल दोघांचीही सारखीच होती. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कामगारांच्या हालअपेष्टांची स्वतःहून घेतलेली दखल यांमुळे प्रश्नाला सार्वजनिक मान्यता मिळाली.

अन्नधान्याच्या क्षेत्रात अधिक मूलभूत बदल घडला. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान शिधापत्रिकेची आंतरराज्य सुविधा सुरू झाली आणि २०२२ पर्यंत ती देशभर पोहोचली. हक्क पत्त्यापासून सोडवून माणसाला जोडण्याचे हे महत्त्वाचे पाऊल होते. महिला व बालविकास विभागाने २०२१-२२ मध्ये नंदुरबारसह काही जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तिचे तत्त्वही हेच आहे.

पत्ता न विचारणारी आरोग्यसेवा शक्य आहे याचा सर्वांत मोठा पुरावा पल्स पोलिओ मोहिमेने दिला. १९९५ पासून या मोहिमेने बसस्थानके, रेल्वे फलाट, वीटभट्ट्या, तांडे आणि साखर कारखाने पालथे घातले. बालक कोणत्या गावचे, हे कोणी विचारले नाही; बोटावर शाई आहे काय एवढेच पाहिले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्र दिले. जे दोन थेंबांच्या बाबतीत साधले, ते गरोदर मातेच्या तपासणीच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

उपाययोजना :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतात.

१) हंगामपूर्व आरोग्य तपासणी : दसऱ्यापूर्वी प्रत्येक तांड्यावर व पाड्यावर गरोदर माता, दोन वर्षांखालील बालके आणि सिकलसेलग्रस्त यांची तपासणी व्हावी. देय असलेल्या लसी व लोहाच्या गोळ्या देऊन माता व बाल संरक्षण कार्ड अद्ययावत करूनच कुटुंबाला निरोप द्यावा.

२) कारखाना क्षेत्र हाच आरोग्याचा घटक : गाळप हंगामात साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या वाढीव धरून लस, औषधे व कर्मचारी द्यावेत. कोप्यांच्या प्रत्येक तळाला आठवड्यातून एकदा फिरते पथक भेट देईल अशी व्यवस्था असावी. मुलांच्या शिक्षणासाठी साखरशाळांचा प्रयोग झाला. आरोग्यासाठी तसाच प्रयोग करता येईल.

३) टोळीतील आरोग्यसखी : प्रत्येक टोळीतील एका स्त्रीला प्राथमिक उपचार, नवजात बालकातील धोक्याची लक्षणे, जलसंजीवनी आणि प्लीहा तपासणे यांचे प्रशिक्षण द्यावे व त्याचे मानधन मिळावे. ती टोळीबरोबर जाते, म्हणून सेवाही बरोबर जाते.

४) पाणी, शौचालय आणि खाड्याची मुभा : तळावर शुद्ध पाणी व शौचालय ही कारखान्याची जबाबदारी ठरावी. बाळंतपण व आजारपण यांसाठी खाड्याचा दंड आकारला जाऊ नये.

५) महाविद्यालयांचा सहभाग : राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र व गृहविज्ञान विभागांचे प्रकल्प हंगामपूर्व तांडानिहाय नोंदींशी जोडता येतील. कोण जाणार, कोठे जाणार, त्यांत गरोदर माता किती, ही माहिती विद्यार्थी गोळा करू शकतात. आरोग्ययंत्रणेला ती वेळेवर मिळाली तर तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

समारोप :

खानदेशातील दारिद्र्य एका जागी बसून राहत नाही. ते दरवर्षी बैलगाडीत, ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेकडो मैल जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. आरोग्यव्यवस्था जोपर्यंत ते परतण्याची वाट पाहत गावात थांबेल, तोपर्यंत उपकेंद्रांची संख्या वाढूनही तांड्यावरील बालकाच्या वाढीत फरक पडणार नाही. शिधापत्रिकेने आणि पोलिओच्या शाईने दाखविलेला मार्ग उपलब्ध आहे. हैतीचा अनुभव दुर्लक्षाची किंमत सांगतो, तर जमैका आणि गडचिरोली येथील अनुभव अल्प साधनांतही काय साधता येते हे दाखवितात. आरोग्याचा हक्क गावाच्या शिवेवर संपता कामा नये. तो कोयत्याबरोबर फडापर्यंत पोहोचला तरच सार्वजनिक आरोग्य हा शब्द सार्थ ठरेल.